एकोणीस वर्षं दुसऱ्याशीच

विष्णुपंत नागपूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, पण मनाने राहायचे सातशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसात. पासष्ट साली मिशनच्या लायब्ररीत त्यांना डन्स स्कोटसच्या नावावरचा एक जाडजूड लॅटिन ग्रंथ सापडला. एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडून लॅटिन शिकून तो मराठीत आणायचा विडा त्यांनी उचलला. शहाण्या माणसाने गुलाब लावले असते.

स्कोटस हा स्कॉटलंडचा, फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू. राजाविरुद्ध पोपची बाजू घेतली म्हणून पॅरिसमधून हाकलला गेला, परत आला, आणि बेचाळिशीच्या आसपास जर्मनीत वारला. त्याचं म्हणणं असं, की माणसाचे सगळे गुण सांगून झाले तरी काहीतरी उरतंच, ज्याच्यामुळे तो माणूस तोच असतो, दुसरा कोणी नाही. विष्णुपंतांनी त्या उरलेल्याला ‘एतत्त्व’, म्हणजे ‘हाच-पण’, असा शब्द घडवला आणि आठवडाभर खुशीत होते. हा माणूस मला आतून-बाहेरून ठाऊक आहे, असं ते बायकोला, मीनाक्षीबाईंना, ऐकवत. बाई ‘हं’ म्हणत. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा शेवटची प्रकरणं चालू होती. आधी बाई गेल्या, मग ग्रंथ संपला.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात मुलाने, शैलेंद्रने, त्यांना अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आपल्या घरी आणलं. बॅगेत स्वेटर दोन आणि वह्या एकतीस. नव्या प्रतीशी ताडून बघायचं, प्रस्तावना लिहायची आणि छापायला द्यायचं, एवढंच आता आयुष्यात राहिलं होतं. शैलेंद्रने रजा टाकली आणि ट्रेनने त्यांना शिकागोतल्या एका मठाच्या लायब्ररीत नेलं.

तिथल्या वृद्ध फादरांनी ग्रंथाचं नाव ऐकलं आणि चष्मा काढला. मग फार हळुवारपणे सांगितलं, की हा ग्रंथ स्कोटसचा नाहीच. त्याच काळातल्या दुसऱ्या एका फ्रेंच फ्रान्सिस्कनाचा आहे. जुन्या आवृत्त्यांत चुकून स्कोटसच्या नावावर छापला गेला, आणि ती चूक विष्णुपंतांच्या जन्माआधीच उघड झाली होती. नागपूरला पोचली ती फक्त जुनी आवृत्ती. फादरांनी पुरावे काढून दिले, कॉफी आणून दिली. विष्णुपंतांनी दोन तास एकेक मुद्दा तपासला. सगळे बिनतोड होते. तर्कशास्त्राच्या मास्तराला भांडायलासुद्धा जागा उरली नाही, याचंच फार वाईट वाटतं.

परतीच्या ट्रेनमध्ये विष्णुपंत खिडकीशी बसले. बाहेर नुसता बर्फ. शेवटी शैलेंद्रला राहवेना.

“बाबा, एवढं अपसेट नका होऊ. ट्रान्सलेशन तर तुमचंच आहे ना? कव्हरवरचं नाव चेंज करू.”

“नावाचं नाही रे. एकोणीस वर्षं मी ज्याच्याशी बोलत होतो तो दुसराच होता, आणि मला एकदाही शंका आली नाही. तुझ्या आईच्या जागी दुसरीच कोणी बाई घरात वावरत असती आणि माझ्या लक्षात आलं नसतं, तर?”

शैलेंद्रने लहानपणी शाळेचा सगळा अभ्यास स्वयंपाकघरात, आईजवळ बसून केला होता. त्याला टोचायचं नव्हतं. तोंडून निघून गेलं.

“आलं असतं का, बाबा?”

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मीनाक्षीबाईंची अशी एखादी गोष्ट, जी फक्त त्यांचीच होती, ती ते शोधू लागले. दोन स्टेशनं गेली.

“नाही,” विष्णुपंत म्हणाले.