रज्जाकभाईंचा डावा हात

कलाकार मंडळी एकाच जीपमधून गावोगाव हिंडायला लागली की गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. गाणी मागं पडतात, किस्से मात्र दर चहाला पुन्हा गरम होऊन येतात. आमच्या लातूरच्या छोट्या ग्रुपचे सगळे किस्से एकाच माणसाभोवती फिरतात. तो म्हणजे आमचे तबलजी रज्जाकभाई. गाणारा गुंडप्पा, देवणीकडचा शेतकरी. मी हार्मोनियमवाला. शाळेत संगीत शिकवतो म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. हे किस्से मी हसवायला म्हणून सुरू करतो, पण ऐकणारे मध्येच गप्प होतात. का, ते तुम्हीच बघा.

*

भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी किल्लारीकडच्या एका गावात आमचा विसर्जनाचा कार्यक्रम होता. मी आणि गुंडप्पा जीपनं परत आलो. रज्जाकभाईंना, जेवायला होतो त्या घरच्या मालकानं आग्रह करून ठेवून घेतलं. पहाटे दगडी भिंत अंगावर आली. माणूस वाचला, पण डावा हात कोपराखाली कापावा लागला. डग्गा घुमवायचा हात!

दवाखान्यात भेटायला गेलो. पलंगावर त्यांच्या डाव्या बाजूला जागा होती, तिथं टेकलो. पट्टी बांधलेलं कोपर, आणि त्याच्यापुढं नुसती चादर. रज्जाकभाई हळूच म्हणाले, "मास्तर, जरा सरका. माझ्या बोटांवर बसलाय तुम्ही."

मी ताडकन उठलो! आणि खरं सांगतो, पुन्हा काही बसलो नाही.

*

घरी आल्यावर त्यांनी तबला-डग्गा गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकायला लावला. दाढी वाढली, बोलणं बंद झालं. त्यांच्या बायकोनं, शमीमभाभीनं, मला बोलावून घेतलं. "मास्तर, जेवतात, झोपतात, पण घरात कुणी नसल्यासारखं वाटतं हो. तुम्ही दोघं इथं बसून गात जा. ऐकलं तर ऐकलं."

मग दर रविवारी दुपारी आमची प्रॅक्टिस त्यांच्या बैठकीत. रज्जाकभाई भिंतीकडं तोंड करून पडलेले. असं बरेच महिने चाललं. एका रविवारी गुंडप्पा तालातून सुटला. परत सुटला. पुन्हा सुटला, तशी पलंगावरून आरोळी आली, "अरे, देवणीच्या बैलालाबी सम कळती! तुला न्हाई?"

ते उठून बसले होते! पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढून उजव्या हातानं ठेका धरला. डाव्या हाताची जागा आली आणि उरलेला खुंट आपसूक डब्यावर उतरला. घूंऽऽ! भाभी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी. रडत होती, पण थांबा असं काही म्हणाली नाही.

बाहेर आल्यावर मी गुंडप्पाची पाठ थोपटली. "चुकायचं नाटक झकास केलंस रे!"

"कसलं नाटक?" तो घाम पुसत म्हणाला. "मास्तर, माझ्या मागं कुणीतरी डग्गा वाजवून राहिलं होतं. त्याच्यानं चुकलो!"

*

पुढं रज्जाकभाई खरोखर खुंटानं डग्गा वाजवायला शिकले. कातडी सोलायची, रक्त यायचं, भाभी खोबरेल चोळायची. पण आवाज असा निघायला लागला, की तसा कधी ऐकला नव्हता. खोल! जमिनीच्या पोटातून आल्यासारखा.

हात गेल्यानंतरचा पहिला कार्यक्रम भूकंपग्रस्तांच्या नव्या वसाहतीत ठेवला होता. रज्जाकभाईंची आंघोळ सकाळी दोनदा झाली, इतके ते घाबरलेले. समाजमंदिर खच्चून भरलं. गुंडप्पानं सूर लावला, रज्जाकभाईंनी डग्ग्यावर खुंट दाबून घासला. घूंऽऽऽम्!

सगळा हॉल उठून बाहेर पळाला! चपला राहिल्या, एक लेकरू राहिलं, त्याला आई परत येऊन घेऊन गेली. त्या पहाटे भिंती पडायच्या आधी हाच आवाज आला होता म्हणे.

रज्जाकभाईंचा चेहरा उतरला. डग्गा बाजूला सारून म्हणाले, "चला मास्तर. आपलं वाजवणं संपलं."

तेवढ्यात एक म्हातारी दारातून डोकावली. "वाजव बाबा, वाजव. लई गोड हाय. पर भाईर मैदानात ये, छताखाली नको!"

*

एकदा भर उन्हात उदगीरला निघालो होतो. गुंडप्पाला नको ते विचारायची खोड. "भाई, तो कापलेला हात गेला कुठं?"

"डॉक्टरांनी सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. पण मातीत हाय."

"कशावरून?"

"पावसाळ्यात गार पडतो." मग डोळे मिटून म्हणाले, "आत्ता वरून कुणीतरी चालून राहिलंय."

उदगीर येईपर्यंत गुंडप्पा पाय वर घेऊन बसला!

*

लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हाची गोष्ट. आमची प्रॅक्टिसची खोली वर, आणि खाली मेडिकलच्या तयारीचा क्लास. मुखेड-नायगावची पोरं खच्चून बसलेली. एका दुपारी आम्ही समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. फिजिक्सचे सर तणतणत आले.

"अहो, टेस्ट चालू आहे! वर वाजवणाऱ्याला थांबवा. दाराला कुलूप लावून आत काय बसलाय?"

किल्ली माझ्या खिशात होती.

रज्जाकभाईंनी कप खाली ठेवला. "सर, डावा वाजतोय का उजवा?"

"मला काय कळतंय? नुसतं घूं-घूं चाललंय!"

"मग डावा. तो माझं ऐकत न्हाई."

पुढच्या महिन्यात सरांनी क्लास दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हलवला. भाडं जास्त होतं तरी!

*

आणि हा नांदेडचा. आमची पहिली कॅसेट निघायची होती. रज्जाकभाईंनी नवा सदरा शिवलेला, डावी बाही नीट दुमडून पिन लावलेली. भाभीही सोबत आली होती, कोपऱ्यात पदर सावरून बसली.

रेकॉर्डिस्ट पलीकडच्या खोलीत. मधे भिंत. तो आला तेव्हा आम्ही आत बसलेलो, त्यानं आमच्यापैकी कुणाला पाहिलेलंच नव्हतं. त्याचा आवाज तेवढा स्पीकरमधून यायचा.

पहिला टेक असा झाला की गुंडप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. रज्जाकभाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळे हसले. स्पीकर खरखरला. "फार सुंदर! फक्त एक करा. तबलेवाल्यांनी डाव्या हातातली अंगठी काढून ठेवा. डग्ग्याच्या भांड्याला लागून टिक्-टिक् येतंय."

मी भाभीकडं बघितलं. ती रज्जाकभाईंच्या पिन लावलेल्या बाहीकडं बघत होती.

रज्जाकभाई माइककडं वाकले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "न्हाई निघत, साहेब. निकाहपासून घट्ट बसलीय."