चॉकलेट आणि चौदा मिनिटं

नियती माणसाला आयुष्यात एकदाच प्रश्न विचारते, आणि उत्तर द्यायला चौदा मिनिटं देते. असं आमच्या इंग्रजीच्या क्लासचे सर म्हणत. सकाळच्या बॅचला म्हणत, संध्याकाळच्या बॅचला म्हणत, आणि जे नापास होऊन पुन्हा नाव घालत त्यांनाही त्याच आवाजात म्हणत. मी ते तीन वेळा ऐकलं.

मी तेव्हा शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयानं मला घ्यायची तयारी दाखवली होती. अट एवढीच होती की इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं या चारही ठिकाणी नऊपैकी किमान सात हवेत. बाकीचं जमत होतं. बोलणं आधीच्या दोन्ही खेपांना साडेसहावर अडकलं. रुग्णालयाच्या पत्राची मुदत महिनाअखेर संपत होती.

दुसरी मुदत घरात चालू होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखत आलेले. शेंद्र्याला कारखाने आल्यावर चराईची रानं गेली आणि अण्णा एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. काम तेच आहे, असं ते म्हणत. मोजून आत घ्यायचं, मोजून बाहेर सोडायचं. खुलताबादकडचे एक पाहुणे मला पसंत करून बसले होते. मुलाच्या आईचं म्हणणं असं, की रातपाळी करणारी सून नको, नोकरी सोडावी लागेल. अण्णांनी त्यांना थोपवून धरलं होतं.

"ह्या खेपेला जा," अण्णा म्हणाले. "नाय झालं तर मग मला त्यांना हो म्हणावं लागंल. लई दिवस झाले, माणसं ताटकळली."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

क्लास टी.व्ही. सेंटरजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात दिवा नव्हता. आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो लावलेले होते, पासपोर्टच्या मापाचे मोठे केलेले, कुणीही न हसणारे, आणि प्रत्येकाखाली जाण्याची तारीख. सरांनी दसऱ्याला त्या सगळ्यांना झेंडूचे हार घातले होते आणि ते काढायचं राहून गेलं होतं. माय एकदा माझ्याबरोबर आली तेव्हा तिनं चपला काढून त्या भिंतीला हात जोडले. मग हळूच मला विचारलं, "एवढी तरणीताठी पोरं. एकाच गाडीत व्हती का?"

सर उन्हाळ्यातही टाय लावत. ते परदेशात आठ महिने राहिले होते, आणि त्या आठ महिन्यांविषयी बोलताना खिडकीबाहेर पाहत. त्यांना वाक्य अर्धवट सोडायची सवय होती. "पाठ केलेलं उत्तर परीक्षकाच्या लक्षात आलं, तर..." एवढं म्हणून ते थांबत. धाक घालायचं काम उरलेलं अर्धं वाक्य करी.

आमच्या बॅचमध्ये सगळे शिकलेले होते. फार्मसीवाले, फिजिओथेरपीवाले, दोन इंजिनियर. तरीही त्या वर्षी क्लासमध्ये चॉकलेट हा शब्द कुणी उच्चारत नसे. कारण साधं होतं. आमच्यातल्या तिघांना तोंडी परीक्षेत चॉकलेटवर प्रश्न आले आणि तिघंही पडले. त्यातला एक तर आमच्यात सगळ्यांत फाडफाड बोलणारा. तो परत आला तो पुस्तकं न्यायलाच, आणि कुणाकडे न बघता घेऊन गेला.

माझ्या शेजारी बिडकीनची एक मुलगी बसायची, फार्मसी झालेली. एका इंजिनियरनं वाढदिवसाला चॉकलेटचा पुडा आणला आणि बाकांमधून फिरवायला लागला. पुडा आमच्याकडे येताना पाहून तिनं माझा हात टेबलाखाली दाबून धरला.

"घेऊ नको."

"अगं, वाढदिवस आहे त्याचा."

"त्याचा आहे ना? मग त्याला खाऊ दे. परवा तुझी परीक्षा आहे, यडे."

"तू विज्ञान शिकलीस ना?"

"शिकले. म्हणून तर तीनचा आकडा लक्षात ठेवलाय."

पुडा जसाच्या तसा पुढे गेला. सरांनी दोन घेतली. ते म्हणाले, "चॉकलेट हा फसवा विषय आहे. दहशतवादावर कुणीही बोलेल." मग त्यांनी छापील उत्तर वाटलं. काळ्या चॉकलेटनं मन कसं प्रसन्न होतं, हृदयाला कसा फायदा होतो, वगैरे. ज्यानं ते लिहिलं त्याचं मन मात्र प्रसन्न वाटत नव्हतं.

खरी अडचण अशी होती, की दहशतवादाविषयी आम्ही पेपरात वाचत होतो, चॉकलेटविषयी सांगण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं. माझी चॉकलेटची पहिली आठवण सतरा सप्टेंबरची. शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन व्हायचं. गावातले एक वृद्ध गृहस्थ पोलीस ॲक्शनची हकीकत सांगायला उभे राहत. रझाकार गावाच्या वेशीपर्यंत येईतोवर ऊन डोक्यावर आलेलं असे, आणि भारतीय फौज पोचेपर्यंत दोन मुली चक्कर येऊन पडत. आमचं सगळ्यांचं लक्ष मास्तरांच्या हातातल्या पिशवीकडे. हैदराबाद पडलं की प्रत्येकी एक संत्र्याची गोळी मिळायची. तिला आम्ही चॉकलेट म्हणत होतो. यावर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं, तर आधी निजाम समजावून सांगावा लागला असता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला आणि दावणीची शेळी शिंकली.

"थांब," माय म्हणाली. "बस घडीभर. पाणी पी."

"शेळीची शिंक धरत नाय," अण्णा गेटची वर्दी चढवत म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"धरायला लागलो असतो तर माझा बाप जन्मात मेंढवाड्याबाहेर पडला नसता."

"म्हणूनच नाय पडला," माय म्हणाली.

मी बसले. पाणी प्याले. मी अंधश्रद्धा मानत नाही, पण त्या दिवशी ती पाळण्याइतका वेळ हातात होता.

परीक्षा रेल्वे स्टेशन रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात होती. लग्नाच्या हॉलमध्ये. स्टेजवर कुणाच्या तरी नावाची थर्माकोलची अक्षरं अर्धी काढून ठेवली होती. आमचे फोन पिशव्यांत घालून सील केले, बोटांचे ठसे घेतले, भिंतीला टेकवून फोटो काढला. दारातल्या मुलीनं माझा पासपोर्ट बराच वेळ धरून ठेवला. पासपोर्टवर जन्मगाव औरंगाबाद होतं आणि हातातल्या कागदावर परीक्षेचं ठिकाण छत्रपती संभाजीनगर. "दोन्ही एकच आहे," मी म्हणाले. "मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि तरी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं.

तोंडी परीक्षा दुपारी. आम्हाला वरच्या मजल्यावर एका लांब बोळात खुर्च्यांवर बसवलं. गालिचा इतका जाड होता, की चालणाऱ्याचा आवाज येत नव्हता. दर पंधरा मिनिटांनी टोकाचं दार उघडे, एकाला आत घेतलं जाई आणि दार लागे. आत गेलेला कुणी परत येताना दिसेना. पाच जण गेले. सहाव्यानं माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. मला काय विचारायचं होतं त्याला, कोण जाणे. मग माझी पाळी आली.

आत एक टेबल, दोन खुर्च्या, रेकॉर्डरचा लाल ठिपका, आणि परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई. मी गोऱ्या साहेबाची तयारी करून गेले होते. ही बाई आपल्याकडचीच होती. सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज मऊ. कुणाचीही मावशी शोभली असती. तिनं माझं नाव विचारलं, मी बरोबर सांगितलं. मग तिनं पुढ्यातल्या कागदावर नजर टाकली आणि अगदी मायेनं विचारलं, "डू यू लाइक चॉकलेट?"

मी म्हणाले, "नो, थँक यू."

याचा खुलासा करायला हवा. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, फक्त आवाज जरा खाली आणायचा. तिसऱ्यांदा समोरची बाई म्हणते, "घे गं, माझी आण आहे," आणि मग घ्यायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणाऱ्या पोराला वस्तीवर हावरट म्हणतात आणि त्याच्या आईला नाव ठेवतात. मावशीच्या वयाची बाई मावशीच्या आवाजात खाण्याचं विचारते आहे, एवढंच माझ्या कानांनी ऐकलं. बाकीचं तोंडानं परस्पर केलं.

बाईनं आग्रह केला नाही. आग्रह तिच्या कागदावर नव्हता. तिनं पुढचा प्रश्न विचारला: चॉकलेट किती वेळा खाता? आता जी आवडतच नाही ती वस्तू किती वेळा खाणार? "क्वचित," मी म्हणाले. लाल ठिपका तसाच. छापील उत्तरातलं काळं चॉकलेट, प्रसन्न मन, हृदयाचा फायदा, सगळं मी माझ्या हातानं बंद करून टाकलं होतं. त्याच आवाजात, तितक्याच मऊपणानं बाईनं माझ्यापुढे एक कार्ड सरकवलं. कुणीतरी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना चॉकलेट दिलं तो प्रसंग सांगा. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन.

त्या एका मिनिटात मी पेन्सिलीनं कागदावर काहीही लिहिलं नाही. खुलताबादच्या पाहुण्यांच्या ओसरीवर मी चहाचे कप विसळते आहे, एवढं मात्र स्वच्छ दिसलं. कपांचा रंगसुद्धा.

मग मी अण्णांचं सांगितलं, कारण दुसरं काही नव्हतं. अण्णांच्या कारखान्यात एकदा परदेशातून बडा साहेब आला होता. तीन दिवस रस्ते धुतले, कुंड्या मांडल्या, वॉचमनना पांढरे हातमोजे दिले. जाताना साहेबानं गाडी गेटवर थांबवली, काच खाली केली आणि खिशातून चॉकलेट काढून अण्णांपुढे धरलं. अण्णा म्हणाले, "नो सर." साहेब म्हणाला, "ओके," आणि चॉकलेट परत खिशात ठेवलं. गाडी गेली. हातमोजा घातलेला अण्णांचा हात अर्धा वर आलेला होता, तो त्यांनी सलामीपर्यंत नेला. घरी आल्यावर अण्णा रागावले नव्हते, चकित झाले होते. "माणूस चांगला व्हता," ते म्हणाले. "पण त्यानं दुसऱ्यांदा इचारलंच नाय."

हे मी तुटक इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की पाच मिनिटांपूर्वी या टेबलावर मी तेच केलं आहे. मग मी आग्रहाचा सगळा रिवाज सांगायला सुरुवात केली, पहिलं नको, दुसरं नको, आण, हावरट, सगळं. कुठला काळ, कुठलं क्रियापद, काही पाहिलं नाही. दोन मिनिटं झाल्यावर बाईनं हात वर करून मला थांबवलं.

"आणि तुम्हाला कुणी आता दिलं, तर घ्याल?" तिनं विचारलं.

ही दुसरी वेळ. "नाही, असू दे," मी म्हणाले. आवाज खाली गेला तो मलाच ऐकू आला.

पुढच्या भागात चर्चा होती. लोकांना चॉकलेट इतकं का आवडतं, असं तिनं विचारलं. मी मनात मोजलं, ही तिसरी वेळ. मग म्हणाले, "मला माहीत नाही. पण मलाही आवडतं. खूप आवडतं. तुम्ही पहिल्यांदा एकदाच विचारलंत, म्हणून सांगता आलं नाही."

बाईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती हसली असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. रेकॉर्डर बंद झाला आणि मला मागच्या दारानं बाहेर सोडलं. ते दार हॉटेलच्या भटारखान्यात उघडत होतं. माझ्या आधीचे पाच-सहा जण तिथं कांद्याच्या पोत्यांपाशी आपापले फोन परत मिळायची वाट पाहत उभे होते.

बिडकीनवालीला मी फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे तू परीक्षकाला सांगितलं, की चूक तुमची?"

"तसं नाही म्हणाले."

"तसंच म्हणालीस. चौथी झालीस तू."

निकालाला तेरा दिवस होते. त्या तेरा दिवसांत पाहुण्यांचे चार फोन आले. अण्णा अंगणात जाऊन बोलत आणि आत येऊन काही सांगत नसत. मायनं धाकट्या काकूकडून साड्यांचं गाठोडं मागवलं आणि ते न सोडता कोपऱ्यात ठेवलं. मी ड्युटीला जाई आणि ते गाठोडं अजून बांधलेलंच आहे ना, ते परत येऊन आधी पाही.

निकाल मोबाइलवर आला, दुपारी, शेळ्यांना पाणी पाजत असताना. बोलण्यात सात. बाकी सगळीकडे सात किंवा वर. मी अण्णांना गेटवर फोन केला. ते "बरं" म्हणाले, आणि मग एवढा वेळ फोन कानाला लावून उभे राहिले, की गेटवर अडलेल्या गाडीनं हॉर्न वाजवला.

पाहुण्यांना अण्णांनी नको म्हणून कळवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अण्णांनी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, आणि अण्णांना त्याचं थोडं वाईटही वाटलं.

सरांनी माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. खाली तारीख घातली.

इंग्लंडला पोचल्यावर मला अतिदक्षता विभागात नेमलं. तिथल्या बहुतेक रुग्णांच्या घशात नळी असते. ते बोलत नाहीत.