दोनशे वीस अंशांवर काकूंची सुरी

सकाळचे नऊ वाजले होते. डबे रवाना झाले होते, ओट्यावर दूध निवत होतं आणि ओव्हनमधला केक नुकता फुगायला लागला होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, खालच्या मजल्यावरचे भट्टीकाका. थाप मारली की दार भरीव आहे की पोकळ तेही कळतं, असं त्यांचं म्हणणं.

"ताई, ओव्हन दोन तास मिळेल का? अगदी तातडीचं आहे."

त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली काकूंची सुरी होती. मूठ काढलेली, टोक उडालेलं.

काका गिअरच्या कारखान्यात चौतीस वर्षं भट्टीवर होते. पोलाद लाल तापवायचं, तेलात बुडवून कडक करायचं, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा उतरवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर भट्टी सुटली, खोड सुटली नाही. जावयाने चमच्यांचा सेट आणला, तर त्याच्यासमोरच एका चमच्यावर कानस ओढून म्हणाले, "मऊ आहे." माणसांचंही तेच. वॉचमन म्हणजे बीड, ओतीव लोखंड, दिसायला दणकट, पण एक घाव बसला की दोन तुकडे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे शिसं, जड आणि कुठेही वाकणारं.

"आणि काकू?" मी एकदा विचारलं होतं.

"ना वाकत, ना तुटत. असा धातू आमच्या कारखान्यात कधी आला नाही."

त्याच काकू आठ दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, आणि तेवढ्यात काकांनी त्यांची वीस वर्षांची बोथट सुरी सुधारायला घेतली होती. गॅसगनने लाल केली. पोलाद पुरेसं तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून फ्रिजवरचा चुंबकाचा पोपट लावून पाहिला.

"मग? चिकटला?"

"चिकटला. पण ते प्लास्टिक."

पोपट खरवडून सुरी पुन्हा तापवली आणि गोडेतेलाच्या नव्या डब्यात बुडवली. ती इतकी कडक झाली, की ओट्यावर ठेवताना टोक काचेसारखं उडालं.

"आता ताठा उतरवला नाही, तर पहिल्याच गाजराला दोन तुकडे. आणि ही बाराच्या बसने येतेय!"

"गाजराचे तुकडे व्हायलाच हवेत ना, काका?"

"सुरीचे हो, सुरीचे!"

काय करणार? केक बाहेर काढला. काकांनी त्यात बोट खुपसलं आणि गंभीरपणे म्हणाले, "घाई केलीत. याला अजून वीस मिनिटं हवी होती."

मग पॉलिश पेपरने पातं लख्ख करून आत ठेवलं, आकडा दोनशे वीसवर आणला आणि स्टूल ओढून ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले. त्यांचा चहा स्टुलाखाली गार झाला. मला पोळ्या त्यांच्या डोक्यावरून लाटाव्या लागल्या.

"आला! पात्यावर पिवळा रंग आला! वाळल्या गवतासारखा. जांभळ्यापर्यंत गेली असती, तर पुन्हा मऊ झाली असती."

सुरी निवली. काकांनी धारेच्या दगडावर नवं टोक काढलं, धार लावली, मूठ बसवली. एवढ्यात बेल वाजली. दारात बॅग घेऊन काकू.

"आधीची बस मिळाली. खाली कुलूप, आणि जिनाभर जळक्या तेलाचा वास. कुठे आहेत हे?"

काकांनी ओट्यावर टोमॅटो ठेवला आणि सुरी वर नुसती टेकवली. टोमॅटोचे दोन भाग झाले, आवाजसुद्धा नाही. काका आमच्याकडे असे बघू लागले, जणू टोमॅटो त्यांनीच शोधून काढलाय.

काकूंनी आपला अंगठा वर धरला.

"अहो, मी भाजी हातात धरून अंगठ्यावर चिरते. म्हणून बोथट ठेवली होती ती, वीस वर्षं! धार हवी असती तर मला लावून आणता आली नसती?"

काकांचा चेहरा पडला. "पुन्हा मऊ करून देतो. लाल करायची, मग राखेत रात्रभर सावकाश..."

"काही नको. तेल गेलं, पोपट गेला. सुरी आता तुमची. आजपासून भाजी तुम्ही चिरायची." त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेऊन काकू खाली गेल्यासुद्धा.

काकांनी सुरी उलटसुलट करून पाहिली. मग स्टूल माझ्या ओट्याजवळ सरकवत म्हणाले,

"ताई, कांदा कसा चिरतात, तेवढं शिकवाल?"