गावपळणीत अडकलेला क्वेसार

चिडलेल्या माणसाने गगनबावड्याच्या घाटाने जाऊ नये. वळणं पोट ढवळतात, आणि मी तर पुण्याहूनच पित्त खवळवून एसटीत बसले होते.

कारण संकेत, माझा सहकारी. आम्ही गुरुत्वीय भिंगामुळे एकाचे अनेक दिसणाऱ्या क्वेसारांची सूची करतो. अतिदूरच्या क्वेसारचा, म्हणजे एखाद्या दीर्घिकेच्या झळाळत्या केंद्राचा, प्रकाश वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेपाशी वाकतो आणि आपल्याला दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. क्वेसार मधूनच जास्त चमकतो; ती चमक एकीत आधी दिसते, दुसरीत काही महिन्यांनी. तो उशीर मोजला की विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते काढता येतं. या शहाण्याने सूची ‘स्वच्छ’ करताना शेजारच्या सारख्या नोंदी दुबार समजून उडवल्या. अहो, सारख्या नोंदी शोधणं हेच तर आमचं काम! त्यात मी शोधलेला क्वेसारही गेला. मूळ मोजमापं त्याच्या हार्ड डिस्कवर, डिस्क मालवणजवळ त्याच्या गावी, आणि दुर्बिणीकडे यादी पाठवायची मुदत शुक्रवारी संपणार.

तळेऱ्याला गाडी बदलून मालवण गाठलं. पुढे रिक्षा, भाडं आधी ठरवा. गावाच्या शिवेबाहेरच रिक्षावाला थांबला. माळावर झावळ्यांच्या झोपड्या, गुरं, कोंबड्या, कुत्री, अख्खं गाव! गावपळण. दर काही वर्षांनी देवाला विचारून सगळे घरं सोडतात, आणि त्याने कौल दिला की परततात.

“फोनवर सांगितलं का नाहीस?” झोपडीतून पुढे आलेल्या संकेतला मी विचारलं.

“तू चिडली असतीस,” संकेत म्हणाला.

“मग आत्ता काय नाचतेय?”

त्याचं घर, आत डिस्क, शिवेवरून दिसत होतं. मी तरातरा निघाले. त्याची आई बांगड्याचं तिखलं ढवळत होती.

“देवान कौल दिल्याबगर भितर पाय टाकूचो नाय गो. आधी जेव. तुझो तारो कोटी वरसां वाट चालता, चार दिस थांबाक त्याका काय झाला?”

“काकी, तो थांबेल हो. दुर्बीण थांबत नाही.”

त्या आडव्या आल्या नाहीत, माझं ताट वाढू लागल्या. मी परत फिरले, आणि त्याचाही राग आला. तिखलं मात्र फर्मास होतं.

गुरुवारी धामापूरचा तलाव पाहिला. सुंदर आहे, जरूर जा. मी पाण्याकडे बघत संकेतला शिव्या दिल्या. शुक्रवारी देवाने कौल दिला नाही. मुक्काम वाढला म्हणून माळावर आनंदाच्या आरोळ्या उठल्या. मला रडू फुटलं. मुदतवाढ मागितली, मिळाली नाही; यादी माझ्या क्वेसारविनाच गेली.

शनिवारी कौल मिळाला, डिस्कही मिळाली. पुण्यात येऊन उघडली, तर माझ्या क्वेसारचे चारही ठिपके जागच्या जागी.

काकींनी दिलेली आमसुलं डब्यात आहेत. त्यांच्यावर राग नाही. देवावरही नाही. संकेतवर आहे, आणि राहणार. यंदा पहिल्या प्रतिमेत क्वेसार चमकेल तेव्हा पाहायला कोणी नसेल. पुढे तीच चमक दुसरीत दिसेल, पण उशीर किती झाला हे मोजायला पहिल्या चमकेची वेळ मी कुठून आणू?