आबांचं एक वाक्य

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना बंद पडला तेव्हा सगळे कामगार घरी गेले, माझे वडील तेवढे राहिले. अठरा वर्षं आबा तिथं फिटर होते. मग त्याच गेटवर वॉचमन झाले. चार वर्षांनी तिथं एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. काम गेलेला एक कामगार ठेकेदाराचा खून करून बंद कारखान्यात लपतो, अशी गोष्ट. पोलिसांना उत्तर देणारा वॉचमन हवा होता. दिग्दर्शक आबांकडे बघून म्हणाला, "तुम्हीच उभे राहा."

मी तेव्हा नोकरी शोधत घरीच होतो. त्या दिवशी आबांचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून मला ते बघायला मिळालं. आबा जराही बावरले नाहीत. इन्स्पेक्टर झालेल्या नटाच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "नाय सायब, इकडं कोण नाय आला." दिग्दर्शकाने दुसरा टेक घेतलाच नाही.

सिनेमा यायच्या आधी, भाताची लावणी चालू असताना, आबा छातीत कळ येऊन गेले. घरात त्यांचे दोन फोटो होते, आवाज कुठंच नव्हता. सिनेमा कल्याणला लागला तेव्हा मी एसटीने एकटाच गेलो. आई म्हणाली, "तू जा रे. मला नाय बघवणार."

दुपारचा खेळ, जेमतेम वीस माणसं. मध्यंतरानंतर आबा आले. तीच खाकी, तीच उसवलेली कॉलर. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला तो भलत्याच कुणाचा तरी, भरदार, शहरी. "नाही साहेब, इथे कोणीच आलं नाही." लगेच दृश्य बदललं. पुढं त्या कामगाराचं काय झालं, मला आठवत नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "दिसले?"

"दिसले."

"बरे दिसत होते ना?"

"बरे दिसत होते गो."

आवाजाचं मी तिला सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

गुरुवारी तो सिनेमा उतरणार होता. मी पुन्हा गेलो. आबा पडद्यावर आले तशी मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि नुसते त्यांचे ओठ हलताना बघितले. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग उठून दोन खुर्च्या सोडून बसला.