टॉवेलने धरलेली जागा

आमच्या कुसगावकडे जत्रेतल्या तमाशाची दुसऱ्या दिवशी हजेरी असते, म्हणजे तोच फड भर दुपारी पुन्हा नाचतो. त्या हजेरीला माझ्या शेजारी एक अनोळखी आबा बसले होते. मुख्य नाचणारीला ताप आलाय, तिच्या जागी दुसरी नाचेल, असं माईकवरून सांगितलं आणि आबा ताडकन उठले.

"बोर्डावर जी हाय तीच पायजे! ही कोन, कुटली? आमी न्हाई बघायचो!"

जाताना मात्र खांद्यावरचा टॉवेल खुर्चीवर टाकून मला म्हणाले, "तेवडी जागा धरा, भाऊ."

पहिल्या गाण्याला ते मंडपाच्या खांबाशी पाठमोरे उभे राहिले. दुसऱ्याला वळले. तिसऱ्याला माझ्या शेजारी बसून त्यांनी अशी शिट्टी मारली की माझ्या कानठळ्या बसल्या.

मी विचारलं, "आबा, ती तापवाली याहून भारी नाचते?"

"लय भारी! मागल्या साली तीबी अशीच दुसरीच्या जागी आलती. तवाबी मी उठलोच व्हतो की!"

मी तेव्हा गावच्या शाळेत एका लाडक्या सरांच्या जागी नवा आलो होतो. सोमवारी पालकसभेत एक पालक "आम्हाला आधीचेच सर पाहिजेत" म्हणून तणतणत वर्गाबाहेर पडले. मी आधी त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांची टोपी तिथंच होती.