पहिलं पुरे

सिंदी रेल्वेहून मी पुण्याला निघालो त्या सकाळी मायनं चून-भात केला होता. चून म्हणजे पुण्यात ज्याला पिठलं म्हणतात ते. आमच्याकडे ते रोजचं अन्न. भाजी नसली की चून, शेजारी गप्पा मारण्यात उशीर झाला की चून, कोणाला बरं नसलं की पातळ चून आणि मऊ भात. पोरगा पहिल्यांदा घर सोडून नोकरीला चाललाय, म्हणून तिला शिरा करायचा होता. मीच चून म्हणालो.

ट्रंक दाराशी ठेवलेली. बाबांनी किराण्याचं दुकान त्या दिवशी उशिरा उघडायचं ठरवलं होतं आणि तेवढ्यानंच ते अस्वस्थ होते. मी पाटावर बसलो. मायनं भातात खळगा केला, त्यात चून घातलं आणि लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी पळीनं वरून ओतायला घेतली.

"पुरे, माय."

पळी चालूच.

"पुरे ना वं माय!"

"अरे, पयलं पुरे कोणी मोजते का? खाय. तिथं कोण देणार आहे तुले?"

"ओत, ओत," बाबा दारातून म्हणाले. "इंजिन कायले पायजे? पोट्टा तेलावरच जाते पुण्याले."

मी ताटावर हात आडवा धरला तेव्हा ती थांबली. एक थेंब बोटावर पडला. पोळलं. दारात ती एवढंच म्हणाली, "येजो." स्टेशनवर बाबा आले. गाडी हलली तेव्हा ते प्लॅटफॉर्मवरच्या माणसाशी कापसाबद्दल बोलत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

सिंदीत, सेलूत, वर्ध्यात राहिलेल्यांना पुढची गोष्ट सांगावी लागत नाही, पण आमच्यातलेच जे दूर गेले त्यांच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे जेवणारा 'पुरे' म्हणतो ते रीत म्हणून. वाढणारीनं ते ऐकायचं नसतं. दुसऱ्या वेळी म्हटलं तर ती हसते. ताटावर हात आडवा आला की मगच पळी मागे जाते. आणि पाहुणा स्वतःहून मागत नाही, कधीच नाही. मागावं लागलं तर वाढणारीची शोभा झाली. हे कोणी शिकवत नाही. चालायला लागतो तसं येतं.

पुण्यात पहिल्या दिवशी मेसमध्ये बसलो. वाढणाऱ्या बाईंनी भात घातला. मी "पुरे" म्हणालो आणि त्या पुढे गेल्या. सरळ पुढच्या ताटाकडे. मी वाट पाहत राहिलो. माझ्या बाजूचे उठले तरी मी रिकाम्या ताटासमोर बसून होतो. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी माझा शब्द मानला होता.

"अरे ए नागपूर, लाजतोस काय? हवं तर माग ना!" खोलीतला एक जण म्हणाला. मी नागपूरचा नव्हतो, पण तिकडून आलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी नागपूरच.

"काऊन मागू?" माझ्या तोंडून गेलं. का म्हणून मागू, एवढाच त्याचा अर्थ.

"काऊन! कुठे आहे रे काऊ? कावळा दिसला का?" सगळे हसले. मीही हसलो. वाईट मुलं नव्हती ती. पुढे त्यांच्यापैकी दोघं माझ्या लग्नात राबले.

पण त्या आठवड्यात मी दोन गोष्टी शिकलो. एक, 'द्या अजून' म्हणायला. दुसरी, 'काऊन' गिळायला. मग 'मले'चं 'मला' झालं, 'करून राह्यलो'चं 'करतोय' झालं. वर्षभरात फोनवर माझा आवाज ऐकून कोणी विचारेना की तुम्ही कुठले. याचा मला अभिमान वाटायचा. आता काय वाटतं ते सांगता येत नाही. फारसं काही वाटत नाही, हेच खरं.

चिंचवडच्या कारखान्यात कायम झालो. अनघाशी लग्न झालं. ती सातारची, बँकेत नोकरीला. फ्लॅट घेतला. वर्षातून एकदा सिंदीला जायचो, दिवाळीला. माय वाढायची, मी पुरे म्हणायचो, ती ओतायची. अनघाला गंमत वाटायची. "तुमच्याकडे जेवणात जबरदस्ती असते," असं ती म्हणायची, आणि हसून दोन घास जास्त खायची. तिला वाटायचं, हा मायचा स्वभाव. मी कधी सांगितलं नाही की ही रीत आहे आणि तिला नियम आहेत.

मग बाबा गेले. दुकान दुसऱ्याला दिलं. माझी धाकटी बहीण मंदा वर्ध्याजवळ नालवाडीत राहते, तिचं घर दोन खोल्यांचं, सासू अंथरुणाला. साहजिकच माय माझ्याकडे आली. मंदा वर्धा स्टेशनवर पोचवायला आली होती. तिनं जवसाची चटणी आणि ज्वारीचं पीठ बांधून दिलं आणि मायला म्हणाली, "काळजी नोको करू. दादा आहे ना." मला वाटलं, हे ती मायला कमी आणि मला जास्त ऐकवतेय.

दुसऱ्याच सकाळी माय आमच्या स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर परात ठेवून भाकर थापायला लागली. अनघा घाईनं आत गेली आणि तिच्या हातातून परात काढून घेतली.

"आई, तुम्ही बसा बरं. आयुष्यभर केलंत. आता आयतं खायचं."

मनापासून म्हणाली ती. तिच्या आईला असं कोणी म्हणालं नव्हतं आणि ती सल तिच्या मनात होती, हे मला माहीत होतं. मायनं हात धुतले, पदराला पुसले आणि हॉलमध्ये येऊन बसली. खुर्चीच्या कडेला बसली. आपल्या घरात कोणी असं बसत नाही. ते मी पाहिलं.

रात्री टेबलावर अनघा वाढायला उभी राहिली.

"आई, भात?"

"पुरे वं बाई."

अनघानं भाताचं भांडं झाकलं.

मी मायकडे पाहिलं. तिनं पुढचा घास घेतला, मग थोडी थांबली, ताटाकडे पाहिलं आणि उरलेलं वरण बोटानं पुसून घेतलं. मेसमधल्या पहिल्या दिवशी मी जसा बसून होतो, तशीच ती बसली होती. मला सगळं कळलं, त्याच क्षणी. कळायला वेळ लागला असं मी म्हणणार नाही. सिंदीच्या घरात मायला मी कधी 'पुरे' म्हणताना ऐकलंच नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून बसायची आणि भांड्यातून आपल्या हातानं घ्यायची. पुरे पाहुणा म्हणतो. माझ्या घरी ती पाहुणी म्हणून जेवत होती.

एक वाक्य लागलं असतं. 'अनघा, आईचं पहिलं पुरे ऐकू नकोस.' किंवा मीच भांडं उचलून वाढलं असतं. नाही वाढलं. का, ते मी इतकी वर्षं शोधतोय. दमलेलो असायचो हे खरं. पण त्याहून खरं हे, की ते वाक्य बोललो असतो तर मला काऊनपासून सगळंच परत बाहेर काढावं लागलं असतं. सिंदीचा पाट, तेलाची पळी, मेसमधला तो भुकेला पोरगा. मी तो नीट पुरला होता. मला वाटलं, माय शिकेल. मी शिकलो तशी.

ती शिकली नाही. रोज पुरे म्हणत राहिली आणि अनघा रोज तिचा शब्द मानत राहिली. सकाळी पोह्यांची एक बशी. दुपारी पोळ्यांच्या बाईंनी केलेली भाजी-पोळी, आम्ही दोघं कामावर. डबे समोर असूनही माय स्वतःहून झाकण काढायची नाही. संध्याकाळी भाजी तशीच उरलेली पाहून अनघा म्हणायची, "अरे, आईंचं जेवण फारच कमी आहे. डॉक्टरांना दाखवू या का?"

"वय झालं तिचं," मी म्हणालो.

हे वाक्य मी एकदाच म्हणालो असतो तरी पुष्कळ होतं. पण मी ते हिवाळाभर म्हणत राहिलो.

माय आपल्या पोलक्यांना आतून शिवण घालून ती अंगाबरोबर करून घेऊ लागली. दुपारी खिडकीशी बसून, सुई-दोरा घेऊन. अनघाला वाटलं, वेळ जात नाही म्हणून शिवणकाम. तिनं रंगीत दोऱ्यांचा डबा आणून दिला. मायला तो फार आवडला. तो डबा तिनं नालवाडीला नेला.

एकदा डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आलो. किल्लीनं दार उघडलं. माय जमिनीवर, सोफ्याला टेकून बसली होती आणि ओच्यातून मूठ भरून काहीतरी खात होती. मला पाहिल्याबरोबर तिनं पदर ओढून घेतला. दोन फुटाणे घरंगळत माझ्या बुटापाशी आले. सिंदीहून आणलेले असणार, ट्रंकेत कपड्यांखाली.

"काऊन रे, लवकर आला?"

"डोकं दुखतंय."

"मी आपली टाइमपास करून राह्यली," ती म्हणाली, आणि हसली. दुकानात चोरून गूळ खाताना बाबांनी पकडलं की मंदा लहानपणी जशी हसायची, तशी.

मी ते दोन फुटाणे उचलले नाहीत. त्यांना ओलांडून आत गेलो आणि आडवा झालो. बाहेर ती जमिनीवरून हात फिरवून ते शोधत होती, त्याचा आवाज येत होता.

थोड्याच दिवसांनी ती म्हणाली, "मले नालवाडीले पोचवून दे. मंदाची सासू आजारी आहे, तिले हातभार होईन." मी दोन वेळा नको म्हणालो. दोनच वेळा. आमच्या रीतीप्रमाणे तेवढ्यानं काहीच झालेलं नसतं, तिसऱ्यांदा म्हणायचं असतं, हात धरून म्हणायचं असतं. मी तिकीट काढलं.

मंदाला सांगितलं, पुण्याची हवा मानवली नाही. तिनं मायकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "हवा खाऊ घालत होता का रे तिले?" मस्करीच होती. मी हसलो. माय चटकन म्हणाली, "सून लय चांगली आहे वं. मले काडीले हात लावू नाई देत." आणि मंदाच्या चुलीपाशी जाऊन तिनं परात ओढून घेतली.

पुढच्या दिवाळीला मी नालवाडीला गेलो तेव्हा पोलक्यांच्या शिवणी उसवलेल्या होत्या. त्या घरात माय आपल्या हातानं घेऊन जेवत होती. मंदाची सासू खाटेवरून ओरडायची, "ए इहीन, माह्या वाटचं नोको खाऊ!" आणि माय ओरडायची, "तुह्या वाटचं काय, तुले दात तरी आहेत का?" तिचा हा आवाज पुण्यात मी एकदाही ऐकला नव्हता.

तिनं माझ्यासाठी चून-भात केला. मी खाली बसलो, मांडी आता नीट घालता येत नव्हती. तिनं भातात खळगा केला, चून घातलं, फोडणीची पळी धरली. लसणाचा वास आला. तेल ओतलं.

"पुरे, माय," मी म्हणालो.

पळी थांबली.

मी वर पाहिलं. ती पळी परत ठेवत होती. रागानं नाही. चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. उलट बरोबर केलं ना, अशा नजरेनं तिनं मला पाहिलं.

"तुमच्याकडे पयल्या खेपेलेच थांबते ना," ती म्हणाली. "आता समजते मले."

म्हणजे ती शिकली होती. मी भात खाल्ला. वरचा ओला होता तेवढा आधी, मग खालचा कोरडा. अजून हवं होतं. मागता आलं नाही. पुण्यात मी हक्कानं 'द्या अजून' म्हणतो, हॉटेलात, लग्नांत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. तिथं शब्द फुटला नाही.

त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा तसंच झालं. मग माय गेली.

अनघाला हे सगळं मी गेल्या महिन्यात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला फक्त सांगायचं होतंस. मी बादलीभर ओतलं असतं." त्यानंतर ती काही दिवस माझ्याशी कमी बोलली. त्या माझ्या सासूबाई होत्या आणि तू मला त्यांना उपाशी ठेवायला लावलंस, असं एकदा म्हणाली. मी कबूल केलं. कबूल करून हलकं वाटतं म्हणतात. तसं काही झालं नाही.

लोक विचारतात, आता गावाकडे कोण आहे. सिंदीचं घर विकलं गेलं, तिथं मोबाइलचं दुकान आहे. माय-बाबा नाहीत. मी म्हणतो, बहीण आहे. घर म्हणून माझ्याकडे एवढंच उरलंय: नालवाडीतली एक चूल, आणि तिच्यापाशी बसलेली एक बाई, जिला अजून वाटतं की पुण्याच्या हवेचा दोष होता.

हे लिहिलेलं मी तिला आधी पाठवणार आहे. मग दिवाळीला जाईन. ती चून-भात करेल, कारण ती दरवर्षी करते. मी पाटावर बसेन आणि एकदाच पुरे म्हणेन. हात आडवा धरणार नाही. पळी थांबवायची की नाही, ते मंदा ठरवेल.